अळीला शेंड्यावर नेणारा विषाणू, आणि तोच पिकावर का फवारतात

‘झोंबी विषाणू’ अशा मथळ्याचा एक व्हिडिओ दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरत येतो. पानाच्या टोकाला एक अळी उलटी लोंबकळत असते, अंग काळवंडलेलं आणि मऊ पडलेलं, आणि निवेदक सांगत असतो की विषाणूनं तिच्या मेंदूचा ताबा घेतलाय. मग एखाद्या दिवशी शेतीच्या पानावर सल्ला वाचायला मिळतो की अमुक अळीसाठी विषाणूजन्य कीटकनाशक फवारा. दोन्ही वाचणारा बुचकळ्यात पडतो. ज्याच्या वर्णनानं अंगावर काटा येतो, तेच आपण मुद्दाम पिकावर मारायचं?

दोन्ही बातम्या एकाच विषाणूकुळाच्या आहेत आणि दोन्ही बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. मेंदूच्या ताब्याचं प्रकरण मात्र सांगितलं जातं तेवढं सरळ नाही. या कुळाच्या आयुष्यात एकच मोठी अडचण आहे. ती समजली की अळी वर का चढते, मेल्यावर तिचं पाणी का होतं, माणसाला यापासून धोका का नाही आणि या विषाणूचा लसनिर्मितीशी संबंध कसा आला, हे सगळं एका ओळीत लागतं.

## अडचण काय आहे?

विषाणूला स्वतःचं असं जगणं नसतं. जिवंत पेशीत शिरला तरच तो स्वतःच्या प्रती काढू शकतो, बाहेर तो नुसता पडून असतो. सर्दीच्या विषाणूला याची फारशी फिकीर नाही, कारण एक माणूस शिंकला की दुसरा शेजारीच असतो.

पतंगांच्या विषाणूचं तसं नाही. पतंग म्हणजे रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे, फुलपाखरांचे भाऊबंद. त्यांचं आयुष्य अंडी, अळी, कोष आणि पतंग अशा चार टप्प्यांत जातं. पानं कुरतडण्याचं काम फक्त अळी करते. पतंग फुलातला रस पितो, काही जातींचे पतंग तर काहीच खात नाहीत. बऱ्याच जातींची वर्षाला एखादीच पिढी होते आणि त्यात अळी असते ती जेमतेम काही आठवडे. म्हणजे ज्या तोंडातून विषाणूला आत शिरायचंय, ते तोंड वर्षातले कित्येक महिने जगात नसतंच. तोवर ऊन, पाऊस आणि माती यांत टिकून राहायचं कसं?

## स्फटिकात बसून

यावरचा उपाय बॅक्युलोव्हायरस या कुळानं शोधला. हे विषाणू काडीच्या आकाराचे असतात, त्यांच्याकडे दुहेरी धाग्याचा गोलाकार डीएनए असतो आणि साधारण शे-दीडशे जनुकं असतात. विषाणूंच्या जगात ही बऱ्यापैकी मोठी शिदोरी झाली. यांतले पतंगांच्या अळ्यांना लागणारे दोन गट महत्त्वाचे. पहिला न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस व्हायरस, म्हणजे शेतीच्या सल्ल्यात ज्याला एनपीव्ही म्हणतात तो. दुसरा ग्रॅन्युलोव्हायरस.

दोघेही बाहेर पडण्याआधी स्वतःभोवती प्रथिनाचा स्फटिक बांधून घेतात. एनपीव्हीच्या एका स्फटिकात बहुधा डझनावारी विषाणू दडलेले असतात, ग्रॅन्युलोव्हायरसच्या छोट्या कणात बहुतेकदा एकच. एनपीव्हीचा स्फटिक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या तीन-चार पट. विषाणूच्या मानानं हे आकारमान अगडबंब आहे. एकटा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, पण हे स्फटिक दिसतात, चमकदार कोनदार खड्यांसारखे. म्हणूनच रेशीम किड्यांच्या रोगी रक्तात ते १९ व्या शतकाच्या मध्यालाच इटलीतल्या अभ्यासकांना दिसले होते. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नव्हती, त्यामुळे हे खडे म्हणजे काय ते कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या आत काड्या आहेत हे कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला, १९४० च्या दशकात.

स्फटिक पाण्यात विरघळत नाही. मातीत पुरला गेला तर त्यातला विषाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतो, म्हणजे संसर्ग करण्याच्या लायकीचा राहतो. त्याला एकच गोष्ट भारी पडते, ती म्हणजे ऊन. पानावर थेट उन्हात पडलेल्या स्फटिकांची ताकद दिवस-दोन दिवसांत निम्म्यावर येते, कारण अतिनील किरण स्फटिकातून आरपार जाऊन आतल्या डीएनएची मोडतोड करतात.

## कुलूप उघडतं कुठे?

एवढं पक्कं कवच बांधलं तर ते उघडायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. उत्तर आहे अळीच्या आतड्यात, आणि जवळजवळ तिथेच.

काही औषधाच्या गोळ्यांवर असं वेष्टन असतं की ती जठरातल्या आम्लात तशीच राहते आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळते. स्फटिकाचं तत्त्व तेच, फक्त त्याची अट फार कडक आहे. पतंगांच्या अळ्यांचं आतडं कमालीचं अल्कधर्मी असतं. त्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, १० च्या वर जाऊ शकतो. शुद्ध पाण्याचा सामू ७, आणि माणसाच्या जठरातल्या रसाचा २ च्या आसपास. एवढ्या तिखट अल्कात स्फटिक काही मिनिटांत विरघळतो आणि आतल्या काड्या मोकळ्या होतात.

पुढे आतड्याला आतून एक पातळ जाळीदार पडदा असतो. तो ओलांडून विषाणू आतड्याच्या पेशींना चिकटतात. अळीकडेही एक डाव असतो. कात टाकताना ती आतड्याच्या लागण झालेल्या पेशीच झटकून टाकू शकते. म्हणून विषाणूला घाई असते. आतड्यातून तो लवकरात लवकर पुढे सटकतो आणि इथे तो वेशही बदलतो. एका अळीतून दुसरीत जाताना स्फटिकातला विषाणू लागतो. एकाच अळीच्या एका पेशीतून दुसरीत जाताना मात्र स्फटिक कशाला? तिथे तो नुसता पेशीच्याच आवरणाचा तुकडा पांघरून, स्फटिकाविनाच बाहेर पडतो. एकाच डीएनएची ही दोन रूपं आहेत, एक वाट पाहण्यासाठी आणि एक पसरण्यासाठी. हा फरक ध्यानात ठेवा, लसीच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

## अळीच्या आत चाललेलं काम

आतड्यातून विषाणू श्वासनलिकांच्या पेशींमधून आणि रक्तातून सगळीकडे पोचतो. त्याचं मुख्य लक्ष्य असतं चरबीच्या पेशी, कारण अळीनं पतंग होण्यासाठी जमवलेलं सगळं भांडवल तिथे असतं.

लागण झालेल्या पेशीला धोका कळतो. ती स्वतःहून मरू पाहते, म्हणजे विषाणूचा कारखाना सुरू होण्याआधीच बंद. त्यावर विषाणूकडे उतारा आहे. पी-३५ नावाचं त्याचं एक प्रथिन पेशीची ही आत्महत्या थांबवतं. १९९१ मध्ये हे लक्षात आलं, आणि पेशी मरतात कशा याच्या एकूण अभ्यासातच ते प्रथिन पुढे हत्यार म्हणून वापरलं गेलं. अळीच्या आजारातून माणसाच्या पेशीविज्ञानाला मिळालेली ही आयती देणगी.

बाहेरून पाहिलं तर पहिले दोन-तीन दिवस काहीच कळत नाही. अळी खात असते. मग तिचं खाणं मंदावतं, कातडी तकतकीत आणि फिकट होते, अंग फुगल्यासारखं दिसतं. या वेळी तिचा पाय टोचला तर एरवी स्वच्छ असणारं रक्त दुधाळ निघतं. तो पांढरेपणा म्हणजे निव्वळ स्फटिक. घाटे अळीच्या, म्हणजे हेलिकोव्हर्पाच्या बाबतीत एका पूर्ण वाढलेल्या रोगग्रस्त अळीतून मिळणारे स्फटिक सुमारे ६०० कोटी धरले जातात. फवारणीची मात्रा मोजायचं एककच त्यावरून ठरलंय. त्याला एल.ई. म्हणतात, म्हणजे ‘एका अळीइतका विषाणू’. हेक्टरी २५० एल.ई. असं जे लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दीड लाख कोटी स्फटिक.

## ती शेंड्यावर का चढते?

आता त्या व्हिडिओकडे येऊ. मध्य युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांत १९ व्या शतकातच वनाधिकाऱ्यांनी हे पाहिलं होतं. नन मॉथ या पतंगाच्या अळ्यांची धाड आली की काही काळानं झाडांच्या शेंड्यांवर मेलेल्या अळ्यांचे घोसच्या घोस लटकायचे. त्याला तिथे ‘शेंड्याचा रोग’ असंच म्हणत.

विषाणूच्या बाजूनं पाहिलं तर फायदा उघड आहे. वर मेलेली अळी फुटली की स्फटिक खालच्या पानांवर ओघळतात, पाऊस ते आणखी खाली नेतो. उंचावरची अळी पक्ष्यांच्याही नजरेत भरते. पक्ष्याच्या आम्लधर्मी पोटातून स्फटिक शाबूत बाहेर पडतात आणि त्याच्या विष्ठेतून दूरच्या झाडावर पोचतात.

पण फायदा आहे म्हणून विषाणूच हे घडवतो असं म्हणता येत नाही. आजारी अळी गुदमरून किंवा ऊब शोधत वर जात असेल. याची परीक्षा २०११ मध्ये झाली. स्पंजी मॉथ, ज्याला २०२२ पर्यंत जिप्सी मॉथ म्हणत, त्याच्या अळ्या धडधाकट असताना रात्री वर चढून पानं खातात आणि उजाडलं की पक्ष्यांपासून लपायला खाली उतरतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी या अळ्या उंच भांड्यांमध्ये ठेवल्या. काहींना नेहमीचा विषाणू दिला, काहींना ईजीटी नावाचं एकच जनुक काढून टाकलेला. पहिल्या गटातल्या अळ्या वर जाऊन मेल्या. दुसऱ्या गटातल्याही मेल्या, पण खालीच. काढलेलं जनुक परत घातल्यावर पुन्हा वर.

हे ईजीटी करतं काय? अळीला कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाला ते साखरेचा एक रेणू चिकटवतं आणि निकामी करतं. अळी कात टाकत नाही, खात राहते, वर राहते. विषाणूला तेच हवंय.

आता इथे पाय थोडा मागे घ्यायला हवा. दुसऱ्या जातीच्या अळ्या आणि दुसरा विषाणू घेतला, तर ईजीटी काढल्यावरही अळ्या वर चढलेल्या दिसल्या. स्पोडोप्टेरा या लष्करी अळीच्या गोतावळ्यातल्या एका जातीवरचे प्रयोग सांगतात की लागण झालेली अळी उजेडाकडे ओढली जाते. दिवा वर ठेवला तर ती वर जाऊन मरते, खाली ठेवला तर खाली. रेशीम किड्याच्या विषाणूत वेगळंच एक जनुक, पीटीपी, किड्याला बेफाम भटकायला लावतं. म्हणजे ‘झोंबी जनुक’ असं एक काही नाही. निरनिराळ्या विषाणूंनी अळीच्या मुळातल्याच सवयी, म्हणजे कात, उजेड आणि चालणं, आपापल्या सोयीनं वाकवल्या आहेत. मेंदूचा ताबा हे मथळ्याला बरं दिसतं, पण संप्रेरकाला साखर चिकटवणं मला जास्त थक्क करतं.

## आणि मग ती वितळते

मेलेली अळी मागच्या पायांनी फांदीला धरून इंग्रजी व्ही उलटा करावा तशी लोंबकळते. काही तासांत तिची कातडी इतकी पातळ होते की नुसत्या स्पर्शानं फाटते, आणि आतून तपकिरी पाणी ओघळतं. अवयव असे काही उरतच नाहीत.

हे साधं कुजणं नाही. विषाणूकडे दोन विकरं आहेत. कायटिनेज हे कातडीतलं कायटिन तोडतं, कॅथेप्सिन हे प्रथिनं. दोन्हींपैकी एकाचं जनुक काढलं तरी अळी मरते, पण मेल्यावर पिशवीसारखी आख्खी राहते, फुटत नाही. आतले कोट्यवधी स्फटिक मग तिथेच अडकून पडतात. नेहमीच्या विषाणूनं मेलेली अळी मात्र आठवड्याभराच्या आजारात स्वतःच्या अंगाचा मोठा हिस्सा स्फटिकांत बदलून पानावर सांडून जाते.

## माणसाला काही होईल का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि यायलाच हवा. थोडक्यात उत्तर: नाही. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण नुसतं ‘सुरक्षित आहे’ म्हटल्यानं कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये.

पहिलं म्हणजे कवच. आपल्या पोटात ते उघडण्याइतकं अल्क कुठेच नाही. दुसरं, समजा सुटा विषाणू आपल्या पेशीपर्यंत पोचलाच. प्रयोगशाळेत असं मुद्दाम केलं आहे. १९९० च्या दशकात दिसलं की हा विषाणू माणसाच्या यकृताच्या पेशींत शिरू शकतो. हे वाचून कुणी दचकेल, पण शिरणं आणि वाढणं यांत फरक आहे. त्याच्या जनुकांना चालू करणारी यंत्रणा कीटकाच्या पेशीतली लागते. आपल्या पेशीत तो शिरतो आणि बसून राहतो, प्रती निघत नाहीत. या गुणामुळेच तर जनुकोपचारात वाहक म्हणून त्याचा अभ्यास चालू आहे.

तिसरं, आपण तो खात आलोच आहोत. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी बाजारात विकायला आलेला कोबी तपासला, तेव्हा कोबीवरच्या अळीच्या एनपीव्हीचे स्फटिक त्यावर सापडले. पालेभाजीवर अळी असेल तिथे तिचा विषाणूही असणार.

‘विषाणू बदलतात ना, उद्या हाही बदलेल’ हा आक्षेप साथीच्या अनुभवानंतर सगळ्यांच्याच तोंडी असतो. पण फ्लू किंवा कोरोनाचे विषाणू आरएनएवर चालतात, हा डीएनएवर, आणि डीएनएची नक्कल करताना चुका बऱ्याच कमी होतात. शिवाय फ्लूचा विषाणू पक्ष्यातून माणसात येतो तेव्हा एका कणेवाल्या प्राण्यातून दुसऱ्यात येतो. बॅक्युलोव्हायरस कोट्यवधी वर्षं कीटकांपुरताच राहिलाय. बहुतेक एनपीव्ही एका पतंगाच्या जातीतून जवळच्या दुसऱ्या जातीतसुद्धा धड जात नाहीत.

मधमाश्या, ढालकिडे, कोळी यांनाही हा लागत नाही. रोगट अळी खाल्लेला शिकारी किडा ठणठणीत राहतो आणि स्फटिक वाहून नेण्याचं काम करतो.

एक सावधगिरी मात्र खरी आहे. मेलेल्या अळ्या गोळा करून, वाटून, गाळून घरीच द्रावण करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. त्या पाण्यात विषाणूखेरीज सडलेल्या अळीतले नाना जिवाणू आणि अळीचे केसही असतात. त्यांची ॲलर्जी होऊ शकते, आणि नेमका किती विषाणू त्यात आहे तेही मोजलेलं नसतं. विषाणू निरुपद्रवी आहे म्हणून गाळणीतलं सगळंच निरुपद्रवी ठरत नाही.

## एवढा गुणी आहे तर सगळीकडे का नाही?

कारण शेतकऱ्याला घाई असते आणि विषाणूला नसते.

रासायनिक फवारा मारला की संध्याकाळपर्यंत अळ्या पडलेल्या दिसतात. एनपीव्हीनं अळी मरायला चार ते दहा दिवस लागतात आणि सुरुवातीचे काही दिवस ती खातच असते. त्यात मोठी अळी सहजासहजी बधत नाही. नुकतीच बाहेर पडलेली अळी मारायला मोजके स्फटिक पुरतात, शेवटच्या अवस्थेतल्या अळीला त्याच्या हजारो पट लागू शकतात. म्हणून अळी अंगठ्याएवढी झाल्यावर विषाणू फवारणं म्हणजे पैसे पाण्यात. अंडी आणि बारीक अळ्या दिसत असतानाच फवारायचं, तेही ऊन उतरल्यावर, म्हणजे अळीच्या रात्रीच्या जेवणाआधी विषाणू पानावर ताजा असतो. द्रावणात कपड्यांना चकाकी आणणारी पावडर घालायला सांगतात तीही गंमत नाही. ती अतिनील किरण शोषून घेते आणि स्फटिकाला उन्हापासून आडोसा देते.

निवडक असणं हा मित्रकीटकांसाठी गुण, पण शेतात तीन जातींच्या अळ्या असतील तर तोच दोष. ब्राझीलच्या सोयाबीनमध्ये हे नीट दिसलं. पानं खाणाऱ्या अँटिकार्सिया अळीसाठी तिथल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एनपीव्हीचा कार्यक्रम हाती घेतला. सुरुवातीला विषाणू कारखान्यात बनवण्याऐवजी शेतातूनच मेलेल्या अळ्या वेचून आणत. बघता बघता हा जगातला सगळ्यात मोठा असा कार्यक्रम झाला, २००० नंतरच्या वर्षांत सुमारे २० लाख हेक्टरपर्यंत पोचला. मग उतरला. तणनाशकासोबतच टाकीत स्वस्त कीटकनाशक मिसळून आगाऊ मारायची पद्धत रुजली, आणि त्या विषाणूला दाद न देणाऱ्या दुसऱ्या अळीचं प्रमाण वाढलं. विषाणू नापास झाला नव्हता, पण एका फवाऱ्यात सगळं उरकायची सवय लागली की एकाच किडीचा इलाज मागे पडतो.

याच्या उलट एक उदाहरण कॅनडातलं आहे, ते पतंगाचं नाही, स्प्रूस झाडांवरच्या सॉफ्लाय या माशीचं. १९३० च्या दशकात तिनं तिथली जंगलं पोखरली होती. तिच्यावर सोडायला युरोपातून परोपजीवी कीटक आणले, त्यांच्यासोबत न बोलावता एक बॅक्युलोव्हायरसही आला, आणि पुढच्या काही वर्षांत त्यानं ती साथ आटोक्यात आणली. जंगलात घाई नव्हती. स्फटिकाला पडून राहायला जागा होती.

## रेशीम किड्याचं काय?

तोही पतंगाचीच अळी, त्यामुळे तोही सुटत नाही. त्याच्या एनपीव्हीनं होणाऱ्या रोगाला ग्रासरी म्हणतात. सांधे फुगलेले, कातडी तकतकीत, रक्त दुधाळ आणि किडा ताटाच्या कडेकडेनं फिरतोय, ही खूण पाळणाऱ्यांना पाठ असते. एका किड्याची कातडी फाटली की तेच पाणी पाल्यावर आणि मग शेकडो तोंडांत. औषध नाही. रोगी किडे वेळीच वेचणं आणि संगोपनगृह निर्जंतुक करणं एवढंच हातात उरतं. निर्जंतुकीकरणाच्या चुन्याचा तीव्र अल्क स्फटिक विरघळवतो. अळीच्या आतड्यात जे विषाणूच्या फायद्याचं, तेच जमिनीवर त्याचा घात करतं, कारण तिथे उघडा पडलेला विषाणू टिकत नाही.

## लसीशी याचा संबंध काय?

आता ती दोन रूपं आठवा. स्फटिक लागतो तो फक्त बाहेर थांबण्यासाठी. प्रयोगशाळेत कीटकाच्या पेशी बाटलीत वाढवल्या तर थांबायचं कारणच नाही, पुढची पेशी शेजारीच आहे. म्हणजे तिथे स्फटिकाच्या प्रथिनाचं, पॉलिहेड्रिनचं, जनुक फुकट जागा अडवून बसलेलं आहे. आणि ते साधंसुधं नाही. संसर्गाच्या शेवटी पेशी दुसरं सगळं सोडून ढिगानं पॉलिहेड्रिन बनवते.

टेक्सासमधल्या मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी ते जनुक काढून तिथे माणसाचं इंटरफेरॉनचं, म्हणजे विषाणूंशी लढायला शरीर बनवतं त्या प्रथिनाचं, जनुक बसवलं. हे १९८३ साली प्रसिद्ध झालं. पेशीनं आज्ञाधारकपणे इंटरफेरॉन बनवलं. आज प्रथिनं बनवण्याची ही जगभरातली नेहमीची पद्धत आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सर्व्हॅरिक्स, २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली फ्लूब्लॉक ही फ्लूची लस आणि नोव्हाव्हॅक्सची कोविडची लस, या तिन्हींतलं प्रथिन पतंगाच्या पेशींत बॅक्युलोव्हायरसकरवी बनतं. यासाठी प्रयोगशाळेत वाढवत राहिलेल्या पेशींचा एक वंश तर लष्करी अळीच्या पतंगाच्या बीजांडकोशातून आलेली आहे. लसीत विषाणू किंवा अळी जात नाही, शुद्ध केलेलं प्रथिन जातं.

## थांबायचंच नसेल तर

या कुळाच्या दूरच्या नातलगांनी थांबण्याची अडचण वेगळ्याच मार्गानं मिटवली. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या काही परोपजीवी गांधीलमाश्यांच्या पूर्वजाला सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी एका विषाणूची लागण झाली आणि त्याचा डीएनए माशीच्या डीएनएतच मुरला. आज या माश्यांच्या बीजांडकोशात विषाणूचे कण तयार होतात, अंड्यांसोबत ते अळीत टोचले जातात आणि अळीची प्रतिकारशक्ती मोडून काढतात. माशीची पिल्लं मग निवांत अळी खातात. या कणांना अळीत प्रती काढायची गरज नाही. माशीची पुढची पिढी म्हणजेच त्यांची पुढची पिढी.

२०१५ मध्ये कळलं की या टोचाटोचीतून वाचलेल्या काही पतंग-फुलपाखरांनी त्या विषाणूचे तुकडे स्वतःच्या डीएनएत ठेवून घेतले आहेत. स्पोडोप्टेरातल्या अशा एका जनुकाचा उपयोग कशाला होतो? बॅक्युलोव्हायरसपासून बचावाला.

## अळ्या सरावणार नाहीत का?

सरावतात. रसायनांना सरावतात तशाच, फक्त इथे समोरचाही जिवंतांच्या खेळातला आहे.

सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथच्या अळीवर युरोपात ग्रॅन्युलोव्हायरस वर्षानुवर्षं फवारला जातोय. मुळात तो १९६० च्या दशकात मेक्सिकोत सापडलेला, आणि विकली जाणारी सगळी उत्पादनं त्याच एका वाणाची होती. २००५ मध्ये जर्मनीतून अहवाल आला की काही बागांमधल्या अळ्यांना हा विषाणू जवळपास लागतच नाही, मारायला हजार पटींहून जास्त मात्रा हवी. कारण पतंगाच्या लिंग-गुणसूत्रावरच्या एकाच जागी सापडलं. मादीकडे या गुणसूत्राची एकच प्रत असते, त्यामुळे एवढा एक बदल झाला की तिला पूर्ण संरक्षण मिळतं आणि तो झपाट्यानं पसरतो.

रसायनाच्या बाबतीत अशा वेळी नवा रेणू शोधावा लागला असता. इथे दुसऱ्या ठिकाणच्या रोगट अळ्यांमधून त्याच विषाणूचे दुसरे वाण गोळा केले. त्यांतल्या काहींना सरावलेल्या अळ्या पुन्हा बळी पडल्या आणि नवी उत्पादनं त्यांच्यावर उभी राहिली. पुढे काही बागांमध्ये यांतल्याही काही वाणांना दाद न देणाऱ्या अळ्या आढळल्या आहेत, त्यामुळे वाण आलटून पालटून वापरायला सांगतात. तिथला बागायतदार आता फवारणीआधी बाटलीवर विषाणूच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं वाणाचं नावही वाचतो.